सहा-एक्केचाळीस, सहा-सदतीस

५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार. संकेश्वर

भाऊबीज आटोपली, पाहुणे पांगले आणि गाडी अंगणातून निघाली ती थेट मिस्त्रींच्या दारात. आमची सोळा-तेरा, २००८ सालची, केए पासिंग. तिची जातकुळी नावातच आहे: पहिले दोन आकडे भरल्या गाडीचे टन, पुढच्या दोनांना दहाने गुणलं की अश्वशक्ती. आत कमिन्सचं ६ बीटी इंजिन. सहा सिलिंडर, ५.९ लिटर, टर्बो आहे पण इंटरकूलर नाही. संगणक, सेन्सर यांतलं काहीच नाही. डिझेल किती सोडायचं आणि कधी सोडायचं, हे सगळं एका लोखंडी पंपाच्या पोटात ठरतं.

उन्हाळ्यात त्याच पंपाचं सील तुटलं. मामांनी (आमचे ड्रायव्हर, अर्धं संकेश्वर त्यांना मामाच म्हणतं) वाटेत एका ठिकाणी ‘सेटिंग’ करून घेतलं. तेव्हापासून मामा खूश. “मालक, तवंदीचा घाट आता तिसऱ्यात चढतीया. दुसरा टाकायलाच लागंना.” मी एकदा मोटारसायकलवर मागून येत होतो तेव्हा बघितलं, चढ लागला की मागचा रस्ता काळा. टाकी ते टाकी हिशेब धरला तर लिटरला ३.६. पूर्वी चारच्या आसपास असायची. त्यात जानेवारीत फिटनेस. पंधरा वर्षं उलटलेल्या ट्रकची फिटनेस फी एप्रिल २०२२ पासून १२,५०० झाली. एवढे मोजून धुरावर नापास व्हायची हौस नाही.

या हंगामात पंप आणि मागचा क्राउन, दोन्हींचा निकाल लावायचा. पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन एकदम बदलल्या की गुण कुणाचा आणि खोड कुणाची, काही कळत नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात जाऊन आलो. भट्ट्यांचं तापमान बघायला वापरतात तशी थर्मोकपलची दांडी आणि आकडे दाखवणारा डबा घेतला. दुकानदाराने विचारलं, भट्टी केवढी? म्हटलं, सहा सिलिंडरची. त्याला वाटलं चेष्टा करतोय.

दांडी बसवायची ती एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये, टर्बोच्या अलीकडे. टर्बोतून बाहेर पडताना धूर गार होतो, तिथला आकडा बघून इंजिनाच्या आत काय चाललंय याचा अंदाज येत नाही. मिस्त्री म्हणाले, मॅनिफोल्ड खाली उतरवल्याशिवाय भोक पाडणार नाही. मला घाई होती, मी म्हटलं ग्रीस लावून ड्रिल मारा, कीस चिकटून बाहेर येईल. त्यांनी ड्रिल खाली ठेवलं, हात पुसले आणि चहा मागवला. “एक कण आत राहिला की टर्बोचं पातं गेलं. मग माझ्याच दारात याल की ओ.” मॅनिफोल्ड उतरवला. संध्याकाळ झाली.

डिझेलवाल्यांचा साधारण नियम असा की टर्बोच्या अलीकडे सातशे अंशांच्या वर गाडी जास्त वेळ ओढायची नाही. पिस्टन, व्हॉल्व्ह, टर्बो, सगळ्यांचं आयुष्य त्या रेषेच्या खाली असतं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आजचा दिवस नुसता मोजायचा, हात कशालाच लावायचा नाही. शिरोलीहून सळई भरली. वजनकाट्यावर गाडीसकट सोळा टनांत बसली. निपाणी सोडली की स्तवनिधीपासून तवंदी घाटाचा चढ सुरू होतो. खालची एक मोरी आणि वरचा एक फलक, अशा दोन खुणा धरल्या. मधला वेळ मोबाइलवर, तापमान डब्यावर, धूर आरशात.

मामांनी नेहमीच्या पद्धतीने पाय दाबला. तिसरा. डबा चढत गेला: सहाशे, साडेसहाशे, सातशे, मग ७४०. तिथे थांबला. पाण्याचा काटाही सरकला. आरशात मागची कार दिसेना, इतका धूर. वरच्या फलकाशी मामांनी माझ्याकडे बघितलं, बघितलंत का, अशा चेहऱ्याने. मी वेळ लिहून घेतला.

सीटवर बसून गाडीचा जोर कळतो असं ड्रायव्हर म्हणतात. खोटं नाही ते. पण आवाज वाढला, थरथर वाढली, पाय दाबला की इंजिन लगेच उसळलं, की अंगाला जोर वाटतो. चाकाला तो मिळालाय का, हे घड्याळ सांगतं.

१६ नोव्हेंबर, शनिवार. बेळगाव

पंप काढून उद्यमबागेत बेंचवर लावला. पंपवाले काका कन्नडभाषक, मराठी आमच्यासारखीच बोलतात, फक्त वाक्याच्या शेवटी ‘री’ येतो. पंपाला ते अजून ‘मायको’च म्हणतात. कंपनीने नाव बदलून बरीच वर्षं झाली. बॉशने असा एका रांगेतल्या प्लंजरचा पंप १९२७ मध्ये कारखान्यात बनवायला घेतला, आणि बंगळूरची मायको १९५१ ची. म्हणजे आज बेंचवर जे फिरत होतं त्याचा आराखडा जवळजवळ शंभर वर्षांचा. तरीही त्यात खोट काढायला जागा कमी.

बेंच म्हणजे मोटर, वेगाचा काटा आणि समोर सहा काचेच्या नळ्या. प्रत्येक सिलिंडरला एक. हजार स्ट्रोक झाले की बेंच आपोआप सोडणं बंद करतो, आणि नळ्यांत किती सीसी भरलं ते वाचायचं. काकांनी चष्मा कपाळावर घेतला, वाकून डोळा नळीच्या पातळीला आणला. पाच नळ्या पुस्तकातल्या आकड्याच्या बऱ्याच वर. तिसरी मात्र बाकीच्यांपेक्षा बोटभर खाली. तिसऱ्याचा प्लंजर झिजला होता. म्हणजे सेटिंगवाल्याने सगळ्यांचं डिझेल वाढवलं. पाच सिलिंडर जळत होते आणि तिसरा उपाशी होता.

खरी गंमत पुढे निघाली. पंपाच्या डोक्यावर एक पडदा असतो. इंजिनाच्या हवेच्या नळीतून एक बारीक पाइप त्याला येतो. टर्बोने हवा दाबून भरली की पडदा दबतो आणि मगच पंप पूर्ण डिझेल सोडतो. हवा नाही तर डिझेल नाही, एवढाच त्याचा धंदा. त्याची स्प्रिंग अशी फिरवून ठेवली होती की हवेची वाट न बघताच पूर्ण डिझेल सुटत होतं. पाय दाबला की गाडी ‘उसळते’ ती त्यामुळे, आणि काळा लोटही त्यामुळेच. आरपीएम कमी असताना टर्बो पुरेसा फिरत नाही. त्या वेळी जादा सोडलेल्या डिझेलला जळायला हवाच नसते.

काका म्हणाले, “धूर पाहिजे असला तर सांगा री, स्क्रू फिरवायला दोन मिनिटं लागतात.” मामा गप्प. मी म्हटलं पुस्तकावर आणा, आणि फुल लोड पुस्तकापेक्षा किंचित खाली ठेवा. हे का, असं त्यांनी विचारलं. इंटरकूलर नाही, उन्हाळ्यात मार्च ते मे गाडी आंबोलीला चढते, गरम हवा विरळ. काकांनी मान डोलावली.

नोझल एकेक हाताच्या पंपावर लावून बघितले. चांगला असेल तर चर्रर्र आवाज करत धुक्यासारखं उडवतो आणि टोक कोरडं राहतं. आमच्यातले दोन टपकत होते. बदलले. तिसऱ्याचा एलिमेंट नवा घातला, पडद्याची स्प्रिंग जागेवर आणली, शेवटी सील लावलं. शिसाची गोळी पकडीत दाबताना काका मामांकडे बघत होते.

२० नोव्हेंबर, बुधवार

आज महाराष्ट्रात मतदान. सीमेवरच्या कोगनोळीच्या पलीकडचे सगळे व्यवहार बंद, गाडी घरी. म्हणून टॅपेट करून घेतले, थंड इंजिनावर: आतल्या व्हॉल्व्हला ०.२५ मिलिमीटर, बाहेरच्याला ०.५१. फीलर गेजची पट्टी फटीतून ओढताना बोटाला जेवढा अडथळा लागतो तो शिकवता येत नाही. मिस्त्रींचा पोरगा दोन वर्षं शिकतोय, अजून प्रत्येक फट बापाकडून तपासून घेतो.

दुपारी पुतण्या आला, नवा ट्रक घेऊन. बीएस सहा, सगळं संगणकावर. त्याला कुणीतरी लॅपटॉपवाला भेटलाय. ‘स्टेज वन’ करून देतो म्हणे: जोर जास्त, मायलेजही जास्त, आणि निळ्या टाकीतलं युरियाचं पाणी कायमचं बंद. पुतण्याचा राग त्या पाण्यावर फार आहे, कारण ते विकत घ्यावं लागतं. साडेबत्तीस टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी; सायलेन्सरमध्ये फवारलं की नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड मोडतात. ते संपलं किंवा भेसळ निघाली तर संगणक स्वतःच इंजिनाचा जोर कापतो. पुतण्याला ती दादागिरी वाटते.

मी त्याला दोन गोष्टी विचारल्या. पहिली कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात बदलांना मनाई आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर १८२ अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसरी जास्त साधी: “त्या लॅपटॉपवाल्याने तुला विचारलं का, तू माल काय नेतोस आणि कुठल्या रस्त्याने?” नव्हतं विचारलं. मग तो बसवणार काय, कुणासाठी?

त्याच्या केबिनमध्ये चढून बघितलं. डॅशवर एक कळ: लाइट, मीडियम, हेवी. कंपनीने तीन सेटिंगं आधीच घालून दिलीत, वजनाप्रमाणे फिरवायची. घेतल्या दिवसापासून ती हेवीवर आहे, रिकामी गाडीसुद्धा. लॅपटॉपवाल्याच्या आधी महिनाभर ती कळ फिरवून बघ म्हटलं. “बघतो की काका,” म्हणाला. फिरवेल असं वाटत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

परत शिरोली, परत सळई, वजन तेवढंच, तवंदी तीच, खुणाही त्याच. पंप दुरुस्त केलेला.

मोरीपाशी मामा म्हणाले, “मेली हो मालक. दमच न्हाई.” पाय दाबल्यावर पूर्वीसारखी उसळत नव्हती खरी. पण हळूहळू धरत गेली आणि पंधराशेच्या पुढे सरळ ओढायला लागली. डबा ६६० वर थांबला. आरशात मागचा टेम्पो पूर्ण दिसत होता, नंबरसकट. वरच्या फलकाशी घड्याळ बघितलं. पूर्वीपेक्षा पाव मिनिट जास्त लागलं. पाव मिनिटासाठी ऐंशी अंश आणि काळा रस्ता मोजत होतो आम्ही.

मामांना आकडा दाखवला. त्यांनी मोबाइल हातात घेऊन घड्याळ बंद पडलंय का ते बघितलं.

घरी येऊन टाकी भरली: लिटरला ३.९. धुराची तपासणी करून आलो. जुन्या गाड्यांची मर्यादा २.४५, आमची १.७. पंपाचं काम झालं, असं मानतो.

२७ नोव्हेंबर, बुधवार

आता क्राउन. रात्री कागद घेऊन बसलो.

मागच्या हाउसिंगमध्ये सहा-एक्केचाळीस आहे, म्हणजे पिनियनला सहा दात, क्राउनला एक्केचाळीस, शाफ्ट ६.८३ वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा. गाडी घेतली तेव्हाच्या रस्त्यांना ते ठीक होतं. आता कोल्हापूर-पुण्याची खेप जास्त, आणि महामार्गावर गाडी पाचव्यातही ओरडत असते. सकाळी टायरवर खडूची खूण करून भरल्या गाडीचा एक फेरा रस्त्यावर टेपने मोजला होता: ३.१७ मीटर. पाचवा गिअर थेट, एकास एक. त्यावरून ताशी ६० ला इंजिन २१५० फिरतं. या इंजिनाचा खरा जोर पंधराशेच्या आसपास, आणि २५०० ला सीमा. म्हणजे साठच्या वेगालाच ते जोराच्या जागेपासून साडेसहाशे फेरे वर. सत्तरला सीमाच गाठतं.

बाजारात दुसरे दोन पर्याय सहज मिळतात. सात-एक्केचाळीस, म्हणजे ५.८६: साठला १८५०. सहा-सदतीस, म्हणजे ६.१७: साठला १९४५. पुण्याला जाणारे सगळे सात-एक्केचाळीस घाला म्हणतात. मिस्त्रीही म्हणाले.

पण आमची गाडी नुसती पुण्याला जात नाही. हिरण्यकेशी नदी आंबोलीत उगवते आणि आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरला येते. आमचा दुसरा रस्ता तिच्याच उलट दिशेने: गडहिंग्लज, आजरा, आंबोली, तिथून घाट उतरून सावंतवाडी. जाताना साखर, येताना जांभा चिरा. भरल्या गाडीने घाट चढायचा तो येतानाच, आणि चिऱ्याचं वजन साखरेहून कमी नसतं.

सात-एक्केचाळीस घातला तर चाकाची ओढ सातातला एक भाग कमी होते, सहा-सदतीसने दहातला एक. ऐकायला फरक थोडाच. पण तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर साधारण अडीच आणि दुसऱ्याचं चार, आणि या दोघांच्या मधे काही नाही. सोळा टनांना तिसऱ्यात हे इंजिन किती चढ घेईल याचं गणित केलं: आताच्या क्राउनवर शंभराला सातच्या जवळ, सहा-सदतीसवर सहा, सात-एक्केचाळीसवर साडेपाचच्या थोडं वर. आंबोलीची बरीच वळणं नेमकी या आकड्यांच्या आसपास आहेत. तिसरा सुटला की दुसरा, म्हणजे अठराच्या वेगावरून अकरावर. घाटभर दुसऱ्यात ओरडत चढली तर महामार्गावर वाचवलेलं डिझेल तिथेच जाणार.

सहा-सदतीस. मिस्त्रींना सांगितलं तर म्हणाले, धड इकडचं नाही, धड तिकडचं नाही. बरोबर आहे. आमची गाडीही तशीच आहे.

१ डिसेंबर, रविवार

क्राउन-पिनियनची जोडी कोल्हापूरहून आणली. दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. कारखान्यात एकमेकांवर घासून लग्न लावूनच पाठवतात, एक बदलला की दुसराही बदलायचा.

मिस्त्रींनी दिवसभर फक्त शिमच घातले आणि काढले. क्राउनच्या दातांना रंग लावायचा, हाताने फिरवायचं, पिनियनचा ठसा कुठे उमटतो ते बघायचं. टोकाला उमटला तर एक शिम काढ, मुळाशी उमटला तर घाल. दाताच्या मधोमध, लांबट, स्वच्छ ठसा आला तेव्हा दिवे लागले होते. मग डायल लावून दातांमधली फट तपासली. बरोबर नसेल तर गाडी तिसऱ्या दिवसापासून रडायला लागते, आणि ते रडणं मग कुठल्याच तेलाने जात नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार

काल दोनशे पोती साखर, दहा टन, सावंतवाडीला उतरवली. आज चिरा भरून परत. ढगाळ हवा, घाटात गारवा. सेटिंग तपासायला सोपा दिवस. मार्चमध्ये परत बघावं लागेल.

दाणोली सोडल्यावर चढ लागला. तिसऱ्यात सरळ पट्ट्यांवर पंधराशेच्या आसपास धरून राहिली. आखूड वळणांवर काटा चौदाशेच्या खाली जायला लागला की मामा दुसरा टाकायचे, वळण संपलं की तिसरा. पूर्वीही काही वळणांना दुसरा लागायचाच. आता आणखी दोन-चार वाढली. डबा ६८० च्या वर गेला नाही. आंबोलीत चहा प्यायला थांबलो तेव्हा मामा स्वतःहून म्हणाले, “पाण्याचा काटा हलला न्हाई.” एवढी कबुली मला पुरेशी आहे.

बॉनेट उघडून बघितलं. टर्बोचा घसा कोरडा, कुठे तेल नाही.

९ डिसेंबर, सोमवार

बेळगावात आजपासून कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन. दरवर्षीप्रमाणे नाक्यांवर पोलीस, सीमेवर ताण, दोन्ही बाजूंच्या बातम्या. आमची गाडी पुण्याहून येत होती, तासभर थांबली.

पण खरा तंटा घरात. मामांनी पुण्याच्या खेपेचा हिशेब दिला: लिटरला ३.८. “३.९ होतं, कमी झालं की. नवा क्राउन घालून काय मिळवलं?” मिस्त्रीही तिथेच होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी विचारलं, किलोमीटर कुठून घेतले? मीटरवरून. मीटरची वायर गिअरबॉक्सच्या मागून येते. गिअरबॉक्सच्या शेपटीला शाफ्ट किती फिरला तेवढंच त्याला कळतं. पुढे क्राउनला एक्केचाळीस दात आहेत की सदतीस, त्याला काय ठाऊक. आता त्याच अंतराला शाफ्ट कमी फिरतो, म्हणून मीटरही कमी मोजतो. सगळ्यांना घेऊन महामार्गावर गेलो. किलोमीटरचे दगड बघत ५० किलोमीटर गेलो. मीटरवर ४५ वाढले.

तो हिशेब लावला की ३.८ चे ४.२ होतात. कागदावर मांडून दाखवलं. मामांना आकडा पटला, पण मीटर खोटं बोलतं हे त्यांना आवडलं नाही. इतकी वर्षं त्याच काट्यावर गाडी चालवली त्यांनी.

१५ डिसेंबर, रविवार

परवापासून एक गोष्ट डोक्यात होती, आज मामांच्या शेजारी बसून बघितली. बेळगावकडून येताना तवंदी उतरायची. भरलेल्या गाड्या इथे ब्रेक फेल होऊन पुढच्यांवर जातात, त्या बातम्या वर्षातून कितीदा तरी येतात.

मामा हा घाट चौथ्यात, एक्झॉस्ट ब्रेक ओढून, त्यांच्या कानाला ठरलेल्या एका आवाजावर उतरतात. आवाज तोच ठेवला. जुन्या क्राउनवर त्या आवाजाला ताशी ४४ असायची. आज खरा वेग ४९ च्या जवळ. आणि मीटरवर? ४४. कानही सांगतो नेहमीसारखं, काटाही सांगतो नेहमीसारखं, आणि गाडी दहातल्या एक भागाने जास्त पळतेय. वेग एवढा वाढला की गाडीत साठलेली ऊर्जा वीस टक्क्यांहून जास्त वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. थांबायची वेळ आली तर ती सगळी ब्रेकच्या लायनरनेच गिळायची. शिवाय इंजिन गाडीला जितकं मागे धरायचं तेही आता कमी धरतं. चढाची ओढ दहातल्या एक भागाने घटली तशी उताराची धरही घटली.

क्राउन बदलणाऱ्यांपैकी कुणीही हे बोलत नाही. सगळे विचारतात चढते कशी, पळते कशी. पुण्याच्या रस्त्यावर सात-एक्केचाळीस घालून मिरवणाऱ्या गाड्यांच्या मीटरची गरारी कुणी बदलली असेल, याबद्दल मला शंका आहे. 

घाटात मध्येच मामांना म्हटलं, तिसरा टाका. “तिसऱ्यात? खाली उतरताना? लोक हसतील.” टाकला. गाडी तीसच्या आत आली, ब्रेकला पाय न लावता. मागून हॉर्न वाजत होते. वाजू देत.

२२ डिसेंबर, रविवार

स्पीडोमीटरची गरारी अजून मिळालेली नाही. बेळगावात सांगून ठेवली आहे. तोवर डॅशबोर्डवर चिकटपट्टी लावून लिहिलं: मीटर ५४ = खरे ६०. तवंदी, वंटमुरी, आंबोली उतरताना तिसरा. मामांनी वाचलं, काही बोलले नाहीत. मात्र काल वंटमुरी घाटात तिसऱ्यात उतरले, असं क्लीनर पोराने सांगितलं.

पडद्याची स्प्रिंग परवा अर्धा फेरा सैल करून घेतली, काकांकडूनच, बेंचवर. रिकाम्या गाडीला सुरुवातीला फारच आळस वाटत होता, ती मामांची तक्रार खरी होती. धूर परत तपासला: १.९. मर्यादेच्या बराच आत आहे, राहू दे. फुल लोडच्या स्क्रूला हात लावलेला नाही आणि मार्चच्या उन्हात आंबोली चढून बघितल्याशिवाय लावणारही नाही.

पुतण्याचा फोन आला होता. कळ लाइटवर ठेवून रिकामी गाडी हुबळीला नेली म्हणे. किती फरक पडला ते सांगितलं नाही, पण लॅपटॉपवाल्याचाही विषय काढला नाही.

जुना सहा-एक्केचाळीस शेडमध्ये ग्रीस लावून पोत्यात बांधून ठेवला होता. आज चंदगडकडचा एक ऊसवाला आला. त्याच्याकडे आमच्यासारखीच गाडी, सात-एक्केचाळीसवाली, कुणाचं तरी ऐकून घातलेली. शेतातून वर रस्त्याला यायलाच तयार नाही. त्याला आमचा क्राउन हवा होता. नुसता क्राउन. “पिनियन माझं नवंच हाय, ते ऱ्हाऊ द्या, पैसे तेवढे कमी करा.” त्याच्या पिनियनला दात सात, आमच्याला सहा. मिस्त्रींनी त्याला बसवून दोन्हींवर कोरलेला नंबर दाखवला, दात मोजून दाखवले, मग परत पहिल्यापासून समजावलं. अखेर जोडी घेतली त्याने. निम्मे पैसे रोख, निम्मे उसाचं बिल निघाल्यावर. कारखान्याचं बिल कधी निघतं हे मलाही माहीत आहे आणि त्यालाही, पण गाडी त्याची चढायला हवी होती आणि शेडमधली जागा मला. पोतं दोघांनी उचलून टेम्पोत टाकलं. जाताना मी त्याला मीटरचं सांगितलं: तुझं आता उलटं होईल, जास्त दाखवेल. त्याने विचारलं, “मग ॲव्हरेज वाढलेलं दिसंल न्हवं?” म्हटलं, दिसेल.

“मग चांगलंच की,” म्हणाला आणि गेला.